उभ्या गाडीचा पंखा

सिग्नलला थांबलो की आमच्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेषेकडे चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागलो की मुकाट खाली येतो. आज कंटाळून गाडी गॅरेजात नेली.

मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, वायर चाचपली. "काका, रेडिएटरचा पंखा बंद आहे."

"कधीपासून?"

"काय सांगावं! पळत्या गाडीला वारा गार ठेवतो. उभी राहिली की तिला स्वतःचा पंखा लागतो. पळत होती तोवर तुम्हाला कळलं नसेल."

बरोबर आलेली बायको गाडीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मला निवृत्त होऊन तीन महिने झालेत. सकाळीच, चहा उशिरा आला म्हणून तिच्यावर खेकसलो होतो. नोकरीत असताना हाच चहा मी उभ्याउभ्या, गार झालेलाही प्यायचो. तेव्हा दमायलाही सवड नव्हती. आता बसूनबसून दमतो आणि तापतो.

वायर जोडल्यावर इंजिन चालू ठेवून आम्ही नुसतेच उभे राहिलो. काटा चढला, थबकला. पंखा घरघरला आणि काटा हळूहळू उतरू लागला.

"निघायचं?" तिनं विचारलं.

"थांबू की जरा," मी म्हणालो.