धनराजच्या गाडीचा ब्रेक

निवृत्तीआधीची माझी शेवटची पोस्टिंग फौजेच्या डोंगरातल्या फील्ड वर्कशॉपला होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. कॉन्व्हॉयबरोबर, म्हणजे गाड्यांच्या ताफ्याबरोबर जायचं आणि वाटेत जी गाडी कुरकुरेल तिच्याखाली झोपायचं, हे रोजचं काम. नाईक धनराज आमचा ड्रायव्हर, सोयगावचा. आपल्या भागातला म्हणून मला दादा म्हणायचा. एका उतारावर त्याच्या ट्रकचे ब्रेक गेले आणि त्यात तो गेला. मी शेजारच्या सीटवर होतो, मागं जवान होते. आम्ही सगळे वाचलो.

तेव्हापासून मला उताराची भीती वाटते. फौजी माणसानं असं बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

धनराजची जुनी चारचाकी पेट्रोल गाडी त्याच्यामागं सोयगावला गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होती. लेक वैशाली वाळूजला कंपनीत लागली आणि तिनं ती टेम्पोत टाकून शहरात आणली. गॅरेजवाल्यानं इंजिन उतरवून बांधलं, टाकी धुतली, पुढचे ब्रेक नवीन घातले. तरी गाडी थोडं अंतर गेली की जड व्हायची. थांबवून ठेवली की परत मोकळी. त्यानं कार्ब्युरेटर दोनदा खोलला, मग हात वर केले. पोरगी माझ्या उस्मानपुऱ्याच्या घरी आली.

मी प्लग बघितले, पंप बघितला. मला अजून दोन दिवस हवे होते.

"काका, आई रविवारी वाट बघतीय. गाडी मी चालवणार."

"मधी अजिंठ्याचा घाट आहे."

"माहितीय."

"मग मी शेजारी बसतो."

निघताना वहिनींचा, म्हणजे धनराजच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, पोरीला नीट आणा." एवढंच बोलल्या.

सिल्लोडपर्यंत गाडी सुरळीत चालली. घाटाच्या तोंडाशी जड झाली आणि उतार लागल्यावर वास आला. जळक्या ब्रेकचा वास मी झोपेतही ओळखीन.

"बाजूला घे."

"काका, पेडल खाली चाललंय."

समोर कापसाची ट्रॉली होती. मी वर्कशॉपमधला हुकमी आवाज काढला.

"क्लच. सेकंड घाल. क्लच सोड."

गाडीनं हिसका दिला.

"आता फर्स्ट."

"बसंना."

"रेस दे थोडी. घाल."

बसला.

"हँडब्रेक मी ओढतो. तू डावीकडं घे. डोंगराला घास."

तिनं घेतलं नाही. ट्रॉलीतला कापूस काचेसमोर आला. मला वाटलं, आता वहिनींना काय तोंड दाखवू. मी ओरडलो, "वैशाली, डावीकडं."

मग तिनं घेतलं. माझ्या बाजूचा आरसा गेला, दरवाजा खडकाला खरवडत गेला, चाक गटारात उतरलं आणि गाडी थांबली. मी तिच्या बाजूनं बाहेर पडलो. खोटं कशाला बोलू, लई भ्यालो होतो. रस्त्याच्या कडेला तसाच बसून राहिलो.

ट्रॉलीवाल्यानं थांबून दोर लावला आणि गाडी बाहेर काढून दिली. चाकं निवल्यावर जॅक लावला. हाताला काम लागलं की माझं डोकं ताळ्यावर येतं. पुढचं उजवं चाक फिरेना. ब्रेकच्या रबरी पाइपाचं वरचं नट सैल केलं, चाक तसंच. खाली चाकाजवळची तेल सोडायची निपल सैल केली, तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. दोष पाइपात होता. बाहेरून धडधाकट, आतून फुगून बंद. दाबलेलं तेल माघारी यायचं नाही, ब्रेक लागूनच राहायचा आणि तापायचा. उतारावर तेल उकळलं. पुढच्या ब्रेकचं सगळं नवीन घातलेलं, तो हातभर पाइप तेवढा जुना.

वैशाली दगडावर बसली होती. "तुम्ही डावीकडं म्हणलात तेव्हा हात उचलंना," ती म्हणाली. "डोंगर तुमच्या बाजूला होता."

मी पान्यावरचं तेल पुसलं.

"काका, बाबा भ्याले होते का? गावात दरवर्षी स्मृतिदिनाच्या भाषणात सांगतात, त्यांना भीती शिवली नव्हती."

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. "लई भ्याला होता. वायरलेस सेटवर 'आगे रास्ता खाली करो, ब्रेक नहीं है' म्हणताना रडत होता. मधीच तुझं नाव घेतलं, आईचं घेतलं. तिथं दरी माझ्या बाजूला होती आणि डोंगर त्याच्या. त्याचाही हात उचलत नव्हता. एक वळण तसंच गेलं. दुसऱ्या वळणाला म्हणाला, 'दादा, घट्ट धरा,' आणि आपली बाजू डोंगरावर घातली."

ती दगडावरून उठली आणि म्हणाली, "हे आईला पण सांगा."

गाडी तिथंच ठेवून आम्ही एसटीनं सोयगाव गाठलं. वहिनी दारातच उभ्या होत्या. पोरीला दंडाला धरून आत घेतलं, मला पाणी दिलं. मी जे घडलं ते सगळं सांगितलं, आजचं आणि तेव्हाचं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"त्यांना भीतीच वाटली नाय म्हणायचे सगळे," वहिनी म्हणाल्या. "मला वाटायचं, मग आमची आठवणच आली नसंल."