नाव सुचवणारी

इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या बायकांची ती सहकारी संस्था. तिथे यंत्रांच्या घरघरीतूनही जिचा आवाज दारापर्यंत पोचायचा, तिला सगळ्या लाडानं ‘भोंगा’ म्हणत. दरवर्षी सभेत अध्यक्षपदासाठी नाव सुचवायला भोंगाच उभी राहायची. पहिल्याच वर्षी हिशेबनीस काकांनी समजावलं होतं, “उमेदवाराचं नाव पुढे करतो तो सूचक. त्याला दुजोरा देतो तो अनुमोदक. दोघं असल्याशिवाय उमेदवारी नाही. आणि स्वतःचं नाव स्वतः सुचवायचं नाही.”

सूचक. शब्द तिच्या मनात घर करून बसला. देवाचं घ्यावं तसं ती माणसाचं नाव घ्यायची, आधी मनात, मग तोंडानं. तिनं घेतलेलं नाव कधी पडलं नाही. म्हणून सभा जवळ आली की बायका तिच्या मागेपुढे करत.

यंदा मात्र वाफेत उभ्या उभ्या तिला वेगळंच दिसू लागलं होतं. दोरीवरची चादर वाऱ्यानं फुगायची आणि तिच्याआड अध्यक्षाच्या टेबलामागे ती स्वतः बसलेली असायची. हे ती कुणाला सांगणार?

धाकटी जाऊ चादरीची दोन टोकं धरून समोर आली. “जाऊबाई, यंदा माझं नाव घ्या हं.”

“यंदा मी कुणाचंच घेणार नाही गं.”

“का? घसा बसला की काय?”

“बसलाय समज.”

जावेनं तिच्याकडे टक लावून पाहिलं, पण घडी चुकू दिली नाही.

सभेत काका म्हणाले, “नावं सुचवा.” सगळ्या माना भोंग्याकडे वळल्या. ती हातांकडे बघत बसली. बायका वाट बघत राहिल्या. छतावरून वाफेचं पाणी ठिबकत होतं, मागे चादरी हलत होत्या, आणि तिला वाटलं, आपण सगळ्याच पाण्याखाली बसलोय.

तेवढ्यात इस्त्रीवाल्या मावशी उठल्या. सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी भोंग्याकडे बोट दाखवलं. “मी... हिचं.”

“हिचं म्हणजे? पूर्ण नाव घ्या, मावशी.”

मावशींनी घेतलं. वडिलांनी ठेवलेलं, आडनावासकट, सावकाश. ते तिनं इतक्या वर्षांनी ऐकलं की आपल्या मागे कुणी बसलंय का, म्हणून तिनं वळून पाहिलं.

“अनुमोदन?” काकांनी विचारलं.

कुणीच हललं नाही. सवयीनं भोंगाच अर्धी उठली. जावेनं तिची बाही धरून खाली ओढलं.

“बसा हो! आता स्वतःलाच दुजोरा देता का?” हशा पिकला. जाऊ मात्र बाही मुठीत धरून बसली. तिलाही अध्यक्षाची खुर्ची हवी होती. मग ती उभी राहिली. “मी देते. घसा बसला म्हणे! सरळ सांगायचं होतं की.”

“उमेदवारी मान्य आहे ना?” काकांनी विचारलं.

“हो,” भोंगा म्हणाली.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “काय म्हणाली? ऐकू नाही आलं!”