प्रभुभोजनाची भाकर

शनिवारी सकाळी जालन्याच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तेव्हा मला पोहोचवायला फक्त आई आली होती. आपल्या मिशन कंपाउंडातलं कुणी शिकायला बाहेरगावी निघालं, की चर्चचे पाळकसाहेब स्टँडवर येतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. आदल्याच आठवड्यात समुवेल निघाला, तर अर्धी मंडळी जमली होती. मी नर्सिंगला निघाले होते, पण मी मंडळीच्या शिस्तीखाली होते, शिक्षा भोगत. आईनं फडक्यात बांधलेली भाकर हातात दिली. "गाडी हालायच्या आत खाय," म्हणाली.

माझा गुन्हा मंडळीतल्या तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, तरी लिहिते, कारण तुम्ही तो चुकीचा पाठ केलात. समुवेल उपासनेत तबला वाजवायचा. मॅट्रिकच्या वर्षी मी त्याच्या गीतपुस्तकात चिठ्ठी ठेवली: 'गणिताची भीती वाटते, माझ्यासाठी प्रार्थना कर.' एवढंच. तो मला आवडत नव्हता असं नाही. आवडत होता. पण सोळा वर्षांच्या पोरीनं आवडत्या मुलाकडे प्रार्थना मागितली, याहून चांगलं मन तुम्हाला कुठून आणून दाखवायचं होतं? चिठ्ठी मंडळीच्या पंचांच्या हाती पडली. समुवेलला समज दिली आणि रविवारी तो पुन्हा तबल्यावर. मला सहा महिने प्रभुभोजन बंद. का, तर तरुण मुलींनी मन जपायला शिकावं म्हणून! पेपर कसा गेला, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. पाव मिळेना, म्हणून प्रभुभोजनाला रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकर असायची आणि ती भाजायची माझी आई. पीठ मी दळून आणायचे, चूल मी पेटवायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच भाकरीचे तुकडे, प्रभूच्या देहाची खूण म्हणून, ताटातून ओळीनं फिरायचे. माझ्यापाशी आले की पंच ताट उचलून पलीकडे न्यायचे. अशाच एका रविवारी घरी येऊन मी आईला म्हणाले, पुण्याला गेले की चर्च सुटलं. परत पायरी चढणार नाही.

"देवावर राग काढू नको, माय. मानसावर काढ, बिलकुल काढ," ती म्हणाली.

स्टँडवर भाकर खाता खाता मी विचारलं, एवढी घाई कशाला? तर आई हळूच म्हणाली, "उद्याच्या भोजनाची हाय. त्यातली पह्यली तुझी. पाळकसायबाला म्या इचारलं न्हाई."

मंडळीच्या एक दिवस आधी मी ती खाल्ली. रडत, मनात तुम्हाला शिव्या घालत. पुण्यातला पहिला रविवार आला तेव्हा होस्टेलच्या मुलींना चर्चचा रस्ता मीच विचारला.

आता मी स्टाफ नर्स आहे. वॉर्ड, ड्यूटी, क्वार्टर हेच माझं जग. ट्रेनिंगच्या ख्रिस्ती मुली कुणाकुणाच्या चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे येतात. मी त्या उघडत नाही. आधी विचारते, पेपर कसा गेला, जेवलीस का. मग त्या आपणहून सगळं सांगतात, नको तेसुद्धा.

आणि आता तुमच्या पंचांचं पत्र आलंय. तरुणांच्या शिबिराला ये, शहरात राहून मुलींनी विश्वासू कसं राहावं ते सांग. तुम्हाला लाज कशी वाटत नाही? येईन मी. पण तुमच्या कंपाउंडात म्हणून नाही, आईच्या चुलीपाशी म्हणून येईन. माझं घर म्हणून तेवढंच उरलंय. आणि शिबिरात त्या भाकरीचीच गोष्ट सांगेन.

यात आईचं गुपित फुटणार, आणि भोजनाची भाकर आजही तीच भाजते, म्हणून तिला आधी विचारलं. शेजारच्या मावशींकडून लिहून घेतलेलं तिचं कार्ड काल आलं.

"सांग. मला बी शिस्तीखाली टाकतेत तं टाकू दे. मंग भाकर कोन भाजतं, बगू."