पत्र्याच्या डब्यावरचा ठेका

घाटनांदूरच्या स्टेशनावर आबा, माझे वडील, माझ्या बॅगेजवळ उभे होते. गाडी दिसली तसे म्हणाले, "कुठंबी ऱ्हा, कायबी कर. पन कुनाच्या दारात वाजवू नकूस." मी हसलो. पुण्याला ध्वनिमुद्रण शिकायला निघालेला मी कशाला वाजवतोय?

गावी राहिलेल्यांना हे सांगायला नको. बाहेर पडलेल्यांच्या पोरांसाठी सांगतो. आमचं घर बौद्ध झालं तेव्हा आजोबांनी हलगी खाली ठेवली. बोलावलं की नाही म्हणायची सोय नाही, लोकांच्या लग्नात वाजवायचं आणि मांडवाबाहेर बसून सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, ते तिथंच संपलं. आबा तेव्हा लहान, पण हलगी बोटांत उतरलेली. भाकरीची वाट बघत ते पत्र्याच्या डब्यावर ठेका धरायचे, आणि ध्यानात आलं की हात मांडीखाली दडवायचे. मी त्या डब्यावरूनच शिकलो. हे आजवर कुणाला बोललो नाही.

शांघायला येऊन सोळा वर्षं झाली. लिनबाई इथल्या मोठ्या संगीतकार. त्यांच्या रचना मी ध्वनिमुद्रित करतो. पाणी, दगड, कागद, काहीही वाजवून घेतात. एकदा माझी बोटं टेबलावर चालली होती. "हे कुठलं?" त्यांनी विचारलं. "काही नाही, सवय."

त्या मग स्वतःचंच सांगू लागल्या. वडील खेड्यात मयतीला सनईसारखं वाद्य वाजवायचे. शहरातल्या संगीतशाळेत शिकताना लिनबाईंनी सगळ्यांना सांगितलं, वडील शेती करतात. ते वाद्य त्यांनी वाद्यवृंदात आणलं ते साठी जवळ आल्यावर. "ऐकायला वडील नव्हते," एवढंच म्हणाल्या.

मग मीही बोललो. नव्या रचनेत त्यांनी हलगीला जागा दिली आणि वाजवायला मलाच बसवलं. हलगीचं कातडं ताणायला ती जाळावर शेकावी लागते. सभागृहात जाळ करता येत नाही, म्हणून केस वाळवायच्या ड्रायरनं हलगी शेकली. वाजवली. लोक उभे राहिले. मी आबांचा शब्द मोडला, की त्यांना मोठं केलं? अजून उमगत नाही. त्यानंतर दोन वर्षं आबांना फोनवर म्हणत राहिलो, "मशीनचं काम हाय, आबा."

परवा व्हिडिओ कॉलवर सगळं सांगून टाकलं. आबांनी विचारलं,

"वाजवून झाल्यावर जेवाया कुठं बसिवलं?"

"बाईंच्या शेजारी. एकाच टेबलावर."

"मागून वाढलं?"

"न्हाई, संगंच."

"आन पुन्ना बोलिवलं तर न्हाई म्हनता येतंय का तुला?"

"येतंय की."

"हां." मग म्हणाले, "ड्रायरनं शेकली व्हय रे, येड्या? तरीच लई ढप्प वाजली आसंल."

ही माफी होती का? ठाऊक नाही. विचारायचा धीर झाला नाही. शांघायच्या फ्लॅटमध्ये मी परका, गावच्या खोलीत पाहुणा. पण बोलताना आबांची बोटं डब्यावर चालली होती. त्यांच्या ध्यानात आलं, माझ्याकडं बघितलं, आणि हात तिथंच राहू दिला. तेवढा वेळ मी घरी होतो.