आईचं पेन्शन बंद पडलं म्हणे

मागच्या वर्षी एका दुपारी तारिहाळच्या कारखान्यात वीज गेली म्हणून मी लवकर सुटलो, आणि कमरीपेठेतल्या आमच्या दारातच पाय खिळले. आत आई शेजारच्या अक्कांना सांगत होती, "माझं पेन्शन कधीच बंद पडलं हो. पोरगं स्वतःच्या खिशातलं घालतंय. मला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही बिचारं."

मी चक्रावलोच. बंद? कुणी सांगितलं? दर महिन्याला सरकारचे पैसे तिच्या खात्यात पडत होते, आणि मीच ते कार्डानं काढून तिच्या हातात ठेवत होतो!

खातं उघडायची अक्कलही माझीच. त्याआधी पोस्टमन पैसे घेऊन यायचा. गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायचा, "अज्जी, पेन्शन आलं री!" आई धुवट लुगडं नेसून कट्ट्यावर बसायची, अंगठा उठवायची, त्याला चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. चार बायका बघत असायच्या. त्या दिवशी तिचा तोरा काय विचारता! सुनेला भाजीला पैसे देणार, वर मलाच सुनावणार, "नवी चप्पल घे की रे, कसली फाटकी घालतोस!" पण पोस्टमन कधीकधी आठ-आठ दिवस उगवायचा नाही, म्हणून मी ते पैसे बँकेत वळवले. तिला एकदा सांगितलं, तिनं मान हलवली, फॉर्मवर घरीच अंगठा घेतला. झालं, माझं काम संपलं.

अरे, माझ्या डोक्यात काय शेण भरलं होतं का? जिनं उभ्या जन्मात बँकेची पायरी चढली नाही, तिच्या लेखी पोस्टमन थांबला म्हणजे पेन्शन थांबलं. ती दुसरी भाकरी नको म्हणायची, चष्मा नको म्हणायची, कट्टा सोडून आत भिंतीकडे तोंड करून पडायची. मी ते सगळं वयावर ढकललं. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं, तेही तिनं आणू दिलं नाही. महाग असेल म्हणाली.

मी तसाच आत शिरलो आणि तिला रिक्षात घालून बँकेत नेलं. खिडकीतल्या बाईंनी तिचा अंगठा घेतला, पासबुकातली एकेक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली आणि आधी कानडीत, मग मराठीत म्हणाल्या, "इदु निम्म रोक्क री, अज्जी. तुमचेच पैसे, सरकारनं दिलेले."

"याचे नव्हेत?" आईनं माझ्याकडे बोट करून विचारलं. एकदा नाही, तीनदा.

"नव्हेत हो!"

मला वाटलं, आता हसेल. पण ती भर बँकेत माझ्यावर उखडली.

"अरे मुडद्या, आता देवाला काय सांगू मी? वर्षभर रोज दिवा लावून विनवतेय त्याला, लेकाचा खर्च वाचव, मला लवकर उचल म्हणून!"