दुसऱ्या रकान्यातली सही

या सदरातले अनुभव मी वाचतो. बहुतेक पटत नाहीत. एकतीस वर्षे शासकीय परिचारक म्हणून नोकरी केली. किती मृतदेह चादरीत गुंडाळले याची मोजदाद नाही, शवागाराच्या किल्ल्याही सांभाळल्या. कधी काही दिसले नाही, ऐकू आले नाही. पुढे लिहितो आहे त्याला मी आजही भूत म्हणत नाही. काय म्हणावे ते ठाऊक नाही, इतकेच.

स्थळ – पोंभुर्णा भागातले एक ग्रामीण रुग्णालय. नाव लिहीत नाही. तीस खाटा, एक डॉक्टर, आणि मी वॉर्डाचा इन्चार्ज. रुग्ण मला ब्रदर म्हणत, जुने सहकारी भाऊ म्हणत.

परिचारकाला आपल्या मनाने औषध सुरू करता येत नाही. डॉक्टर जागेवर नसतील तर आदेश फोनवर घ्यावा लागतो, आणि नंतर वाद झाला तर मान कापली जाते ती फोन घेणाऱ्याची. म्हणून माझ्या वॉर्डात एक रजिस्टर होते. आदेश एकाने ऐकायचा, मोठ्याने परत म्हणून दाखवायचा, मग फोन दुसऱ्याच्या कानाला द्यायचा. त्याने तोच आदेश डॉक्टरांच्या तोंडून पुन्हा ऐकायचा. पहिल्या रकान्यात पहिल्याची सही, दुसऱ्यात दुसऱ्याची. दोन्ही सह्या झाल्याशिवाय औषधाला हात लावायचा नाही.

ही पद्धत मी आणि सिस्टर शकुंतला मडावी यांनी मिळून घातली होती. मडावीबाई सहीच्या आधी ‘मी ऐकले’ असे दोन शब्द लिहीत. दुसरे कोणी लिहीत नसे.

एका श्रावणात मडावीबाई मेंदूच्या मलेरियाने गेल्या. त्यानंतर सहा महिन्यांनी जुने रजिस्टर संपले. मी नवे काढले, पहिल्या पानावर तारीख घालून शिक्का मारला.

नवे रजिस्टर काढले त्याच वर्षीची धानकापणी चालू होती. दुपारी तीनच्या सुमारास एका बाईला ऑटोतून आणले. बांधावर साप चावला होता. पापण्या मिटत चालल्या होत्या, जीभ जड झाली होती. डॉक्टर चंद्रपूरला – ड्यूटीच्या वेळेत, खाजगी कामासाठी. मी फोन लावला. सर्पविषावरचे इंजेक्शन ताबडतोब सुरू करा, मी निघालोच, असे त्यांनी सांगितले. मी ते परत म्हणून दाखवले आणि फोन सिस्टर निमगडे यांच्या कानाला लावला. निमगडेबाईंना नऊ वर्षे मीच काम शिकवले होते. त्यांनी ऐकले, हो सर म्हटले. मी माझ्या रकान्यात वेळ लिहून सही केली – तीन वाजून आठ मिनिटे. निमगडेबाई सलाईनसाठी शीर शोधत होत्या.

“तुमी सुरू करा भाऊ, सई मंग करून देते.”

मी सुरू केले. दुसऱ्या सहीवाचून औषध दिल्याची, ही पद्धत घातल्यापासूनची ती एकच वेळ.

डॉक्टर आले नाहीत. पाच वाजता मी स्वतःच्या जबाबदारीवर ॲम्ब्युलन्स काढली आणि सोबत गेलो. जंगलाच्या पट्ट्यातच बाई गेली. परतल्यावर रजिस्टर पाहिले. दुसरा रकाना कोरा. निमगडेबाई डोके दुखते म्हणून घरी निघून गेल्या होत्या. मी रजिस्टर कपाटात ठेवले, कुलूप लावले, किल्ली खिशात घातली. सही दुसऱ्या दिवशी मागता आली असती. पण मागाहून घेतलेली सही ही खोटी सही. मागितली नाही.

चौथ्या दिवशी चौकशी बसली. डॉक्टरांनी फोन झाल्याचे मान्य केले, बोलणे मान्य केले नाही. रुग्णाला लगेच चंद्रपूरला पाठवा, असेच आपण सांगितले होते. ब्रदरने मनाने औषध देत दोन तास घालवले, असा त्यांचा जबाब. मग निमगडेबाईंना बोलावले. त्या भिंतीकडे पाहून बोलल्या.

“मी सलाईन लावून राह्यली होती जी. मले काई ऐकू आलं नाई.”

गडचिरोलीला, नवऱ्याच्या गावी, त्यांची बदली अडून होती. महिनाभरात ती झाली.

चौकशी अधिकाऱ्यांनी मला स्पष्ट सांगितले – दोष सिद्ध झाला तर प्रकरण नर्सिंग कौन्सिलकडे जाईल आणि नोंदणी रद्द होईल. नोंदणी गेली की माणूस परिचारक उरत नाही. मी म्हणालो, रजिस्टरमध्ये माझी सही आहे, दुसरी नाही. ती चूक माझी. सर्वांसमोर कपाट उघडून रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी पानावर बोट ठेवले.

“दुसरी सही तर आहे, ब्रदर.”

मी चष्मा लावला. ‘मी ऐकले – श. मडावी.’ वेळ तीन वाजून दहा मिनिटे.

या सिस्टर कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. दारातला शिपाई म्हणाला, “त्या वारल्या जी. सव्वा वरीस झालं.”

अधिकाऱ्यांनी जुनी रजिस्टरे मागवली. अक्षर ताडून पाहिले... तेच. तेव्हा त्यांनी तर्क केला की मडावीबाई हयात असतानाच मी कोऱ्या पानांवर त्यांच्या सह्या घेऊन ठेवल्या असाव्यात. मी पहिले पान उघडून शिक्का आणि तारीख दाखवली – बाई गेल्यानंतरची. त्यांनी रजिस्टर मिटले. बाकीच्यांना बाहेर पाठवले. माणूस आमच्याच भागातला. दार लागल्यावर बोली बदलली.

“हे लेखी देऊ नका ब्रदर, तुमालेच पागल ठरवतीन. सही मीच ठोकली, असं लिहून द्या. ताकीद देतो न फाईल बंद करतो. बाई सापानं मेली, कोनावरच काई येत नाई. नाई तं मंग कौन्सिल आहेच.”

मी एक तास मागितला. वॉर्डातल्या बाकावर बसलो. मग आत जाऊन लिहून दिले – दुसऱ्या रकान्यातील सही मी बनावट केली आहे. खाली नाव, हुद्दा, नोंदणी क्रमांक.

नोंदणी राहिली. सात महिन्यांनी निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या सचोटीवर भाषण केले. मी ऐकून घेतले.

त्यानंतरच्या आठवड्यात मडावीबाईंचे यजमान सायकलने माझ्या घरी आले. चहा पुढे ठेवला. ते कपाला शिवले नाहीत.

“शकूची सई खोटी हाय म्हून तुमी लिवून देल्लं म्हंतेत. खरं हाय का भाऊ?”

मी हो म्हणालो.

“तिनं कधी लबाड सई नाई केली. तुमाले तं मालूम होतं.”

ते उठून गेले. मी फाटकापर्यंतही गेलो नाही.

निमगडेबाईंना मी क्षमा केलेली नाही, करणारही नाही. पण त्यांनी फक्त तोंड फिरवले. माझ्या बाजूने जी एकच सही उभी राहिली, ती खोटी असल्याचे सरकारी फायलीत माझ्या हस्ताक्षरात आहे. तीन दिवस कुलूप बंद होते, किल्ली माझ्या खिशात होती. बारा वर्षे विचार करतो आहे. ती सही कशी झाली, हे मला सांगता येत नाही. ती खोटी नव्हती, एवढे आज लेखी देतो.