मावशीच्या पेशी
परवा एका सत्कार समारंभात पाहुण्यांच्या शालीला डांबरगोळ्यांचा वास आला आणि ऐंशीच्या दशकातली कांदिवलीची एक संध्याकाळ आठवली. आमच्या मंडळाने परदेशातून आलेल्या डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं होतं. भर मे महिन्यात त्यांना लोकरी शाल पांघरण्यात आली, आणि घाम पुसत त्यांनी सांगितलं की आपल्या रक्तात काही मारक पेशी असतात. कुणी शिकवलेलं नसताना, आधीची ओळख नसताना त्या कर्करोगाची पेशी हेरून मारतात. पुढच्या रांगेत माझी मावशी होती. छातीतली गाठ काढूनही तिचा आजार पाठीच्या हाडांत उतरला होता. ती उठून म्हणाली, "डॉक्टरानू, मगे माझ्यातल्या काय करतत?" लोक हसले. डॉक्टरही हसले. "चिंतेने त्या मंदावतात, बाई. आनंदी राहा!" टाळ्या पडल्या आणि मंडळाच्या अध्यक्षांनी लगेच नारळ पुढे केला. मावशीने मात्र तो सल्ला औषधासारखा घेतला. पाठीत कळ आली की ती दात आवळून हसायची. कधी डोळे भरलेच, तर तिचे यजमान, आमचे काका, दटावायचे, "रडायचं नाय गो, पेशी बिघडतात." शेवटच्या दिवसांत तिला रडू आवरेना, तेव्हा माझा हात धरून ती म्हणाली, "चुकला माझा. माका नीट हसाक जमूक नाय." त्या पेशींविषयी मी पुढे बरंच वाचलं, पण हाडांत पोचलेला कर्करोग हसून परतवल्याचं कुठेच सापडलं नाही. परवाचे पाहुणेही शाल सावरत म्हणाले, आजार आधी मनात होतो. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी उठून बाहेर आलो.